‘गासडी’ नाटकाबद्दल वारंवार विचारले जाणारे प्रश्न

प्रयोग संपला की आम्ही रंगभूषा न पुसताच दारात उभे राहतो. लोक प्रश्न विचारतात, काही जण दादर स्टेशनापर्यंत सोबत चालत विचारतात, उरलेले रात्री साडेअकराला व्हॉट्सॲपवर. बरेच प्रश्न तेच तेच असतात, म्हणून इथे एकदाच लिहून ठेवतो. लिहिणारा मी, या नाटकाचा लेखक आणि दिग्दर्शक. मतंही माझीच, नटांना त्यासाठी धरू नका.

नाटक कशाबद्दल आहे? शेवट न सांगता सांगा.

दोन अंक, दोन किनारे, एकच कापूस. आणि स्वातंत्र्याची किंमत.

पहिला अंक अमेरिकेत, दक्षिण कॅरोलायनाच्या किनाऱ्यालगतच्या बेटांवर घडतो. उत्तरेची राज्यं आणि गुलामी टिकवू पाहणारी दक्षिणेची राज्यं यांच्यात यादवी युद्ध पेटलंय. नोव्हेंबर १८६१ मध्ये उत्तरेचं आरमार पोर्ट रॉयलच्या खाडीत शिरतं, मळेवाले मिळेल ते घेऊन पळतात आणि सुमारे दहा हजार गुलाम मागे उरतात. आता हे कुणाचे? पळालेल्या मालकाचे, सरकारचे, की स्वतःचे? त्यातला एक जण उत्तरेच्या फौजेत जातो. एक बाई मागे राहते आणि मालकाच्याच जमिनीत स्वतःसाठी मका लावते.

दुसरा अंक मुंबईत, १८६४-६५ सालात. त्याच युद्धामुळे इथे कापसाला सोन्याचा भाव आलाय. अरबी समुद्रात इंग्रजी आरमाराने पकडलेल्या गलबतातून सुटलेला एक आफ्रिकन मुलगा कुलाब्यातल्या एका व्यापाऱ्याच्या वखारीत येऊन पडतो. नट तेच, माणसं वेगळी.

यातलं खरं किती?

बाई, मुलगा, व्यापारी, त्याचा कारकून, फौजेत गेलेला तो: सगळे माझे. सार्जंट विल्यम वॉकर मात्र खरा. तो रंगमंचावर येत नाही, फक्त त्याच्याबद्दल बोललं जातं.

वॉकर दक्षिण कॅरोलायनाच्या तिसऱ्या कृष्णवर्णीय पलटणीत होता. गोऱ्या शिपायाला महिना १३ डॉलर मिळत. काळ्याला १० ठरलेले, त्यातून कपड्यांचे ३ कापून हातात ७. भरतीच्या वेळी समान पगाराचं आश्वासन दिलं होतं. १९ नोव्हेंबर १८६३ रोजी वॉकर आपल्या तुकडीला घेऊन कर्नलच्या तंबूसमोर गेला आणि सगळ्यांनी बंदुका खाली ठेवल्या. म्हणणं साधं होतं: पगार कबूल केल्याप्रमाणे नाही, तर नोकरीही नाही. लष्करी भाषेत याला बंड म्हणतात. २९ फेब्रुवारी १८६४ ला त्याला गोळ्या घातल्या. समान पगाराचा कायदा झाला जूनमध्ये, साडेतीन महिन्यांनी.

मॅसॅच्युसेट्सचे गव्हर्नर जॉन अँड्रू यांनी यावर जे म्हटलं त्याचा आशय असा: ज्या सरकारला याला शिपाई मानून पगार द्यायला कायदा सापडत नव्हता, त्याच सरकारला याला शिपाई मानून गोळी घालायला कायदा बरोबर सापडला. नाटकात मी हे वाक्य घेतलेलं नाही. घेतलं असतं तर टाळ्या पडल्या असत्या, आणि पुढचा प्रवेश मेला असता.

आमचा ‘तो’ त्याच तुकडीत आहे. तोही बंदूक खाली ठेवतो. मग काय करतो, ते येऊन बघा.

नायकाला नाव का नाही?

कारण कागदावर नव्हतं. १८५० आणि १८६० च्या अमेरिकन जनगणनेत गुलामांची वेगळी यादी केली होती. तिच्यात मालकाचं नाव, आणि त्याखाली नुसत्या ओळी: वय, पुरुष की स्त्री, वर्ण. १८६० ला अशी साडेएकोणचाळीस लाखांच्या वर माणसं मोजली गेली. बहुतेक सगळी बिननावाची.

तिकीट, वेळ, जागा?

अडीच तास, मध्ये पंधरा मिनिटांचं मध्यंतर. तारखा ठरतील तशा ग्रुपवर टाकतो. नव्वद खुर्च्यांचं सभागृह आहे, वरच्या मजल्यावर, लिफ्ट नाही. आजी-आजोबांना आणणार असाल तर आधी सांगा, आमची दोन दणकट पोरं खाली येतील. तिसरी घंटा झाल्यावर दार बंद. मध्य रेल्वे ही सबब आम्हाला मान्य आहे, पण दार तरीही बंद.

अमेरिकेतल्या गुलामांशी मुंबईचं काय देणंघेणं?

हा प्रश्न सगळ्यात जास्त वेळा येतो, आणि नाटक लिहायला मी बसलो तेही याच्याचमुळे.

युद्धाआधी इंग्लंडमधल्या लँकेशायरच्या गिरण्या जो कापूस कातत, त्यातला तीन-चतुर्थांशाहून जास्त अमेरिकेतून येई. म्हणजे गुलामांनी वेचलेला. उत्तरेने दक्षिणेची बंदरं अडवली आणि गिरण्यांना दुसरीकडे बघावं लागलं. आपला कापूस आखूड धाग्याचा, त्यांच्या यंत्रांना न मानवणारा. तिकडचे कामगार त्याच्या नावाने बोटं मोडत. पण दुसरा इलाज नव्हता. त्या काळी मुंबईतला कापसाचा बाजार कुलाब्याला भरे. १८४४ मध्ये तो फोर्टातून तिकडे हलवला होता. (हार्बर लाइनवरचं कॉटन ग्रीन हे पुष्कळ नंतरचं. प्रयोगाला आलेल्या शिवडीच्या एका काकांनी याबद्दल माझ्याशी वाद घातला होता, म्हणून मुद्दाम लिहितो.)

भाव कित्येक पट चढले. लोकांनी गाद्या-उशा उसवून आतला कापूस विकल्याच्या कथा आजही सांगतात. आलेला पैसा नव्या बँकांत, कंपन्यांत, समुद्र बुजवून जमीन काढण्याच्या योजनांत गेला. बॅकबेचा समुद्र बुजवणाऱ्या कंपनीच्या शेअरमागे वकील, कारकून, डॉक्टर सगळे धावत होते. प्रेमचंद रायचंद हे या बाजाराचे राजे. त्यांच्या देणगीतून पुढे उभा राहिलेला राजाबाई टॉवर त्यांच्या आईच्या नावाचा आहे. ओव्हल मैदानावर क्रिकेट बघताना मान वर केली की दिसतो.

मग ९ एप्रिल १८६५ रोजी दक्षिणेचा जनरल ली शरण आला. युद्ध संपलं, म्हणजे अमेरिकन कापूस परत येणार. मुंबईत भाव कोसळले. १ जुलैला वायद्यांचे हिशेब चुकते करायचे होते आणि कुणाकडेच पैसे नव्हते. बुडालेल्यांत छोटे होते, मोठे होते, खुद्द प्रेमचंद होते. बँक ऑफ बॉम्बेही पुढे १८६८ ला गुंडाळावी लागली.

म्हणजे तिकडे लाखो माणसं सुटणार अशी बातमी आली आणि इकडे घरोघरी रडारड झाली. दुसऱ्या अंकाच्या मध्यावर व्यापारी ती बातमी ऐकून मटकन खाली बसतो. पोरगा कारकुनाला विचारतो, ‘कोण गेलं?’ कारकून म्हणतो, ‘गेलं कुणी नाही. सुटलेत.’ सगळं नाटक मी या दोन वाक्यांपासून मागे आणि पुढे लिहीत गेलो.

मुंबईत खरंच आफ्रिकन गुलाम होते?

होते. जंजिऱ्याचे सिद्दी आपल्याला माहीत असतात, पण ते राज्यकर्ते झाले म्हणून. बाकीच्यांचं काय झालं, ते आपल्याला शाळेत शिकवलेलं नाही.

ब्रिटनने १८३३ मध्ये आपल्या वसाहतींतली गुलामी उठवली तेव्हा ईस्ट इंडिया कंपनीचा मुलूख त्यातून वगळला होता. इथला कायदा १८४३ चा. गंमत अशी की त्या कायद्याने गुलाम बाळगणाऱ्याला शिक्षा ठेवली नाही, फक्त ‘हा माझा गुलाम’ हा दावा कोर्ट ऐकणार नाही असं ठरवलं. माणूस विकत घेणं-विकणं हा गुन्हा ठरला १८६० च्या दंडसंहितेत.

दरम्यान आफ्रिकेच्या किनाऱ्यावरून माणसं भरून निघालेली गलबतं आरमार पकडत होतं आणि सोडवलेल्यांतले पुष्कळ जण मुंबईला उतरवले जात. मुलं कुणाच्या घरी, कुणाच्या शाळेत, कुणाच्या मिशनमध्ये. नाशिकजवळ शरणपूरला अशा मुलांसाठी मिशनऱ्यांचा आश्रम होता. तिथे ती सुतारकाम, लोहारकाम, इंग्रजी शिकली. त्यांतलाच जेकब वेनराइट. आफ्रिका धुंडाळणारा मिशनरी डेव्हिड लिव्हिंग्स्टन १८७३ मध्ये तिथेच वारला, त्याचं शव किनाऱ्यापर्यंत आणणाऱ्यांत हा होता, आणि १८७४ मध्ये वेस्टमिन्स्टर ॲबीत अंत्यविधीच्या वेळी शवपेटीला खांदा देणाऱ्यांतही. नाशिकला शिकलेला पोरगा! नाशिककर प्रेक्षक आले की हे मी हमखास ऐकवतो.

लिव्हिंग्स्टन स्वतः जून १८६४ मध्ये आपली छोटी आगबोट घेऊन मुंबईत आला होता, ऐन तेजीच्या धुमाळीत. पुढे ती बोट त्याने इथेच विकली. पैसे बँकेत ठेवले, आणि बँक बुडाली.

सुटला तर सुटला. मग ‘स्वातंत्र्याची किंमत’ कसली?

ठोकळ उत्तर असं की युद्धात सव्वासहा ते साडेसात लाख माणसं मेली, ती किंमत. ते खरंच आहे. काळे शिपाईच सुमारे १ लाख ८० हजार लढले आणि ४० हजारांच्या आसपास गेले, त्यातले बरेचसे रोगाने. पण मला त्या किमतीपेक्षा पावती बघायची होती. पैसे कुणी दिले आणि जमा कुणाच्या नावावर झाले?

रंगमंचावर मागे एक भलीमोठी चोपडी उभी आहे, दारासारखी उघडते. तिच्यातल्या नोंदी खऱ्या आहेत. ब्रिटनने गुलामी उठवली तेव्हा भरपाई दिली दोन कोटी पौंड. मालकांना. गुलामांना एक छदाम नाही, उलट ‘उमेदवारी’ म्हणून आणखी काही वर्षं फुकट काम. त्यासाठी काढलेलं कर्ज फिटलं २०१५ साली. तोवर ब्रिटनमध्ये कर भरणारा जो तो, त्यात त्या गुलामांचे पणतू-खापरपणतूही आले, ते फेडत होता. एप्रिल १८६२ मध्ये वॉशिंग्टन शहरातले सुमारे तीन हजार गुलाम मुक्त झाले. मालकाला माणशी तीनशे डॉलरपर्यंत. मुक्त झालेल्यालाही शंभरपर्यंत मिळू शकत होते, पण कधी? देश सोडून जायला तयार असेल तर.

पगाराच्या कायद्यात तर एक कमाल आहे. जून १८६४ मध्ये समान पगार मंजूर झाला, पण मागची पूर्ण थकबाकी फक्त त्यांना, जे १९ एप्रिल १८६१ या दिवशी ‘स्वतंत्र’ होते. त्याआधी पळून आलेल्या, अजून कागदोपत्री गुलाम असलेल्या शिपायाने काय करायचं? एका गोऱ्या कर्नलने शपथच अशी बेतली की, त्या तारखेला माझ्या कष्टावर कुणाचाही हक्क नव्हता. देवाच्या कायद्याने तो नव्हताच, म्हणून शपथ खोटी नाही! आमचा ‘तो’ ही शपथ घ्यायला उभा राहतो आणि सात मिनिटं बोलत नाही. घड्याळ लावून सात मिनिटं. पहिल्या प्रयोगाला तिसऱ्या मिनिटाला कुणीतरी खोकलं, पाचव्याला मागून ‘प्रॉम्प्ट द्या रे’ असं ऐकू आलं. तरीही मी ती कमी केलेली नाहीत.

आणि ती बाई, मका लावणारी. १६ जानेवारी १८६५ ला उत्तरेच्या जनरल शर्मनचा हुकूम निघतो: या किनाऱ्यावरची जमीन मुक्त झालेल्यांना, कुटुंबामागे ४० एकरांपर्यंत. चाळीसेक हजार माणसं वसली. राष्ट्राध्यक्ष लिंकनचा खून झाला, त्याच्या जागी अँड्र्यू जॉन्सन आला, आणि वर्ष संपायच्या आत जमीन परत जुन्या मालकांकडे. कूळकायदा, सात-बारा, कोर्टाच्या तारखा यांतून गेलेल्या प्रेक्षकांना इथे काही समजावून सांगावं लागत नाही. विंगेत उभं राहून मी ऐकतो, या प्रवेशाला खुर्च्या करकरायच्या थांबतात.

नटांच्या तोंडाला काळा रंग लावता का?

नाही, आणि लावणार नाही. आपल्या रंगभूमीवर राक्षस, कोळी, दरोडेखोर म्हटलं की काळपट रंग काढायची सवय आहे, त्यामुळे पहिल्या तालमीला आमचे रंगभूषाकार डबा उघडूनच बसले होते. त्यांना मी एवढंच सांगितलं की अमेरिकेत गोरे नट तोंडाला काजळी फासून काळ्यांची नक्कल करायचे आणि लोक पोट धरून हसायचे. १८३० च्या सुमारास अशाच एका सोंगाचं नाव होतं जिम क्रो. पुढे काळ्यांना वेगळ्या डब्यात बसवणाऱ्या, वेगळ्या नळावर पाठवणाऱ्या कायद्यांना तेच नाव चिकटलं. डबा बंद झाला.

गुलाम कोण हे गळ्यातल्या कापूस वेचायच्या झोळीवरून कळतं. झोळी दुसऱ्याच्या गळ्यात गेली की गुलामही तो.

मग सगळे प्रमाण मराठीतच का बोलतात? गुलामाची बोली वेगळी हवी ना?

सोपा रस्ता माझ्यासमोर होता: मालक पुणेरी, गुलाम ग्रामीण. तसं केलं की प्रेक्षक पाच मिनिटांत ‘अडाणी पण प्रेमळ’ अशी चिठ्ठी लावून मोकळा होतो. म्हणून दोघांची भाषा एक. फरक फक्त ‘तू’ आणि ‘आपण’ यात. इंग्रजीत जे करता येत नाही ते मराठीने इथे फुकटात दिलं. पहिल्या अंकात ‘त्या’ला सगळे अरे-तुरे करतात, मालकाचा सहा वर्षांचा पोरगासुद्धा. भरतीच्या टेबलावरचा कारकून न बघताच विचारतो, ‘तुमचं नाव?’ तर हा वळून मागे कोण उभं आहे ते बघतो.

‘गुलाम’ या शब्दाचाच मला जास्त त्रास झाला. आपल्या कानाला तो फार सरावलेला आहे: पत्त्यातला गुलाम, गुलामचोर, लाडाने ‘काय गुलाम पोरगं आहे!’ पेशवाईतले ‘बटीक’, ‘कुणबीण’ हे शब्द काढून पाहिले. आजच्या प्रेक्षकाला कुणबीण म्हणजे कुणब्याची बायको. शेवटी ‘गुलाम’च ठेवला, पण पहिल्या अंकात तो एकदाच येतो, मोजणीच्या वेळी.

हे नाटक जातीबद्दल आहे का?

बेटांबद्दल आणि वखारीबद्दल आहे. पण महाराष्ट्रात हा प्रश्न येणारच, आणि तो आमच्या आधी दीडशे वर्षांपूर्वी विचारून झालाय. जोतीराव फुल्यांनी १८७३ मध्ये ‘गुलामगिरी’ लिहिली आणि अर्पण केली अमेरिकेतल्या गुलामांना मुक्त करणाऱ्या लोकांना, आपल्या देशबांधवांनी त्यांचा कित्ता गिरवावा या आशेने. बाबासाहेबांनी १९४६ साली अमेरिकेतले कृष्णवर्णीय विचारवंत डब्ल्यू. ई. बी. ड्यू बॉइस यांना पत्र लिहून अमेरिकेतल्या काळ्यांनी संयुक्त राष्ट्रांकडे केलेल्या अर्जाची प्रत मागितली, उत्तरही आलं. नाटकात हे दोघे नाहीत. एकदा एक तरुण तावातावाने म्हणाला, ‘तुम्ही घाबरलात म्हणून अमेरिकेत गेलात.’ असेलही. पण वखारीत त्या मुलाला पाणी कोण आणि कसं ओतून देतं, ते त्याने परत येऊन नीट बघावं अशी विनंती मी केली. तो आला. पुन्हा भांडला. आता तो आमची प्रकाशयोजना सांभाळतो.

पहिल्या अंकात ढोल का नाही? ताल नुसता टाळ्यांवर आणि मांड्यांवर का?

दक्षिण कॅरोलायनात १७३९ मध्ये स्टोनोला गुलामांचा उठाव झाला, ढोल वाजवत. पुढच्याच वर्षीच्या कायद्याने त्यांना ढोल बंद. आमच्या ढोलकीवाल्याला म्हणूनच अख्खा पहिला अंक हातावर हात ठेवून बसावं लागतं, आणि तो दर प्रयोगाला कुरकुरतो.

मुलांना आणावं का?

दहा-बाराच्या पुढच्यांना आणा. गोळीबार आवाजातच आहे, दिसत नाही. फटके नाहीत. रडणं आहे.

संहिता एकांकिका स्पर्धेसाठी मिळेल का?

पहिला अंक सुटा करून पंचेचाळीस मिनिटांत बसवता येतो, दोन कॉलेजांनी केलाही. लिहून परवानगी घ्या, मानधन नको. पण सात मिनिटांचं मौन काढून तिथे गाणं टाकू नका. एकांनी टाकलं होतं.

स्टेजवरचा कापूस खरा आहे?

आता आहे. सुरुवातीला औषधांच्या दुकानातून पट्टीचा कापूस आणला होता. गिरणीत तीस वर्षं काढलेले एक आजोबा पुढच्या रांगेत होते, प्रयोगानंतर चिमूट उचलून म्हणाले, ‘अहो, हा जखमेवर लावायचा.’ मग यवतमाळच्या एका मित्राने सरकीसकट बोंडं पाठवली. वाळलेल्या बोंडाची टोकं बोटात रुततात. वेचणीचा अभिनय शिकवायची गरज त्यानंतर उरली नाही, बाईचं काम करणाऱ्या मुलीच्या बोटांना खरंच चिकटपट्ट्या असतात.

प्रयोगानंतर लहान मुलं, आणि मोठीही, आठवण म्हणून एखादं बोंड खिशात घालतात. कृपा करून नेऊ नका. मळ्यावर रोज संध्याकाळी प्रत्येकाने वेचलेला कापूस तराजूत घालून बघत आणि कमी भरला तर मार बसे. तो प्रवेश आम्ही खऱ्या तराजूवर करतो. एकशे ऐंशी बोंडांना काटा बरोबर येतो. मागच्या रविवारी चार कमी निघाली आणि भर प्रयोगात पारडं वरच राहिलं.